सदतीस सेकंद

१

अहवालाचा क्रमांक तोच होता, इमारत तीच, लिफ्ट तीच, तारीखही तीच. पालटला होता तो केवळ शेवटचा शेरा. आणि त्या एका शेऱ्यावर एका मुलीचे अवघे भवितव्य टांगलेले होते.

“हे माझं नाही, अक्का,” भाची म्हणाली. तिचे बोट पडद्यावरच्या ओळीवर टेकलेले होते. “‘लिफ्ट वापरास योग्य.’ असं मी लिहिलंच नाही. दोराच्या अकरा तारा तुटलेल्या होत्या, मी बोटांनी मोजल्या. मी लिहिलं होतं, ‘अयोग्य. आजच बंद करा.’”

अक्कांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि ती ओळ सावकाश वाचली. लिफ्टची तपासणी करणाऱ्या या कार्यालयात त्या एकतीस वर्षे दप्तर सांभाळीत होत्या. पूर्वी ते कागदांचे होते. आता ते दप्तरखोलीच्या कोपऱ्यात, बुटांच्या खोक्याएवढ्या काळ्या सर्व्हरमध्ये सामावले होते. आपले कागद परक्याच्या घरी ठेवायचे नाहीत, हा कार्यालय काढणाऱ्या साहेबांचा दंडक. म्हणून कार्यालयाचा सर्व्हर कार्यालयातच राहिला आणि त्याची किल्ली अक्कांच्या पदराला.

काल, एकोणतीस तारखेला सकाळी, ती लिफ्ट चौथ्या मजल्यावरून खाली कोसळली होती. आत झाडणाऱ्या एक बाई होत्या. त्यांचे दोन्ही पाय मोडले. आज चार वाजता सरकारच्या मुख्य निरीक्षकांची चौकशी समिती कार्यालयाच्याच सभागृहात बसायची होती. लिफ्ट चौदा तारखेला भाचीने तपासली होती, आणि सर्व्हरवरचा अहवाल म्हणत होता की तिने ती निर्धोक ठरवली.

भाची म्हणजे साहेबांच्या दिवंगत बहिणीची मुलगी. वयाच्या सहाव्या वर्षापासून मामाच्या घरी वाढली आणि सव्विसाव्या वर्षी याच कार्यालयात तपासनीस झाली. अख्खे कार्यालय तिला भाचीच म्हणे.

“तुझ्या फोनमध्ये प्रत नाही?”

“पंचवीस तारखेला नवं ॲप टाकलं ना, तेव्हा जुनं सगळं पुसलं गेलं. अक्का, परवाना जाईल त्याचं सोडा. माझ्यावर फौजदारी होईल. आणि त्या बाई... त्यांना वाटेल, मी न बघताच सही ठोकली.”

दार न वाजवताच जावईबापू आत आले. साहेबांचे जावई, ग्राहकांशी करारमदार पाहणारे. सर्व्हरला ते ‘अक्कांचा डबा’ म्हणत.

“काय, सल्लामसलत चाललीय का?” ते दारातच थांबले. “अक्का, एक विचारू? राग मानू नका. सोमवारी त्या डब्यातल्या तारखा कुणी बदलल्या?”

“मी. चुकलेल्या होत्या, दुरुस्त केल्या.”

“तेच म्हणतो मी.” जावईबापूंचा आवाज मऊ झाला, म्हणून अधिकच टोचला. “या अहवालाची तारीखही त्यातच होती. उद्या कुणी म्हटलं, की ज्यांनी तारीख बदलली त्यांनीच मजकूर बदलला, तर काय उत्तर आहे तुमच्याकडे?”

२

प्रश्न खरा होता, आणि खऱ्या प्रश्नावर रागावण्याची त्यांची रीत नव्हती.

तारखांचे प्रकरण असे. महिन्याच्या तीन तारखेपासून भाची एका मोठ्या इमारतीच्या कामावर होती. फोनने छायाचित्रे काढायची, ती आपोआप सर्व्हरवर यायची. परंतु तिच्या एकटीच्या फोनमधले ॲप जुने राहिले होते. ते फाईल पाठवी, पण सोबत तिची तारीख पाठवीत नसे. संगणकाला तारीख मिळाली नाही, की तो काळाच्या शून्यापाशी जाऊन बसतो. आणि संगणकाचे शून्य म्हणजे एक जानेवारी एकोणीसशे सत्तर. तीन आठवड्यांत तिच्या बासष्ट फायली आल्या, आणि बासष्टांवरही तीच तारीख पडली. त्यांतली एकसष्ट छायाचित्रे होती. बासष्टावा होता हा अहवाल. एक सहकारी रजेवर असल्याने चौदा तारखेला तिने वाटेत उरकलेली एक तपासणी.

हा घोळ सत्तावीसला, सोमवारी, उघड झाला. अक्कांनी तो आपल्या पद्धतीने निस्तरला. सर्व्हरवर नव्या नावाची फाईल आली की त्यांच्या मेजावर बारीक घंटी वाजे. त्या मान वर करून भिंतीवरचे घड्याळ पाहत आणि आवक वहीत तास-मिनिटे लिहीत. भिंतीवरचे घड्याळ त्या रोज सकाळी रेडिओच्या ठोक्याला लावून घेत. या वहीवरून कार्यालयात थट्टा चाले. पण सोमवारी त्याच वहीतून बासष्ट वेळा उतरवून त्यांनी एकेका फाईलला तिची खरी तारीख परत दिली होती. टंकलेखक वहीतल्या नुसत्या वेळा वाचून दाखवीत होता, त्या आकडे टाकीत होत्या.

आता त्यांनी वही उघडली. चौदा तारीख. ‘भाची, लिफ्ट अहवाल, सायंकाळी ६:२५.’ पडद्यावरही चौदा तारीख, ६:२५.

मिनिटाचाही फरक नव्हता. अहवाल जणू त्या सायंकाळपासून जागचा हललाच नव्हता.

“म्हणजे मीच खोटी ठरले,” भाची पुटपुटली.

“बस इथे. पाणी पी,” अक्का म्हणाल्या. “अहवालाच्या कप्प्यात तुला फाईल टाकता येते. टाकल्यावर बदलता येते का?”

“नाही.”

“मग कुणाला येते?”

भाचीने बोटांवर मोजले. “मामा. भाऊजी. टंकलेखक. आणि...” ती थांबली.

“आणि मी,” अक्कांनी वाक्य पुरे केले.

३

टंकलेखकाला कार्यालयात ‘स्वल्पविराम’ म्हणत. कारण तो बोलताना दर तीन शब्दांनी थांबे आणि लिहिताना तसाच चिन्ह टाकी. आलेला अहवाल नेटका करून इमारतीच्या मालकाला पाठवणे हे त्याचे काम.

“अहो स्वल्पविराम, हा अहवाल तुम्ही मालकाला पाठवलात?”

“अक्का, खरं सांगतो, मी तो, पाहिलाच नाही. काल मालकाचा फोन आला, की तुमचा कागदच, आम्हाला मिळाला नाही, तेव्हा कळलं.”

“पंधरा दिवस पाहिला नाहीत?”

“मी यादी वरून बघतो. नवीन सगळ्यांत वर. कालच्या खुणेपर्यंत, उतरायचं आणि थांबायचं. तो वर, कधी आलाच नाही.”

अक्कांच्या हातातली लेखणी थबकली. एकोणीसशे सत्तर. अहवाल आला तो यादीच्या तळाशी बुडाला. आणि सत्तावीसला त्यांनी त्याला चौदा तारखेच्या जागी नेऊन बसवले, ती जागाही स्वल्पविरामाच्या खुणेच्या कितीतरी खाली होती. म्हणजे दुरुस्तीनंतरही तो कोणाच्या दृष्टीस पडला नाही.

त्यांनी ते मनात ठेवले.

जावईबापू आपल्या खोलीत उभेच होते. “त्या इमारतीचा मालक माझा मित्र आहे, हेच विचारायचंय ना? आहे. शाळेपासूनचा. पण मित्र म्हणून मी त्याची लिफ्ट पास करीन? उद्या मीच चढायचो तिच्यात.”

“काल बातमी आल्यावर तुम्ही कुठे होतात?”

“दवाखान्यात. त्या बाईंच्या नवऱ्यासमोर मान खाली घालून.” क्षणभर त्यांचा चेहरा उघडा पडला, मग पुन्हा मिटला. “तो डबा बाहेरच्या कंपनीला द्या, असं मी दोन वर्षं कानीकपाळी ओरडतोय. ऐकतंय कोण?”

साहेबांच्या खोलीचे दार अक्कांनी नेहमीप्रमाणे वाजवले. या माणसाने दोन खुर्च्या आणि एका शिडीवर हे कार्यालय उभे केले होते. आज त्यावर सत्तावीस घरे चालत होती. त्यांच्याविषयी अक्कांच्या मनात जो आदर होता, तो एकतीस वर्षांत एकदाही झिजला नव्हता.

“या अक्का.” साहेब रात्रभर झोपलेले दिसत नव्हते. “कागद बोलतोय, मी काय करू? पोरीच्या हातून चूक झाली.”

“ती म्हणते, तिने बंद करायला लिहिलं होतं.”

“घाबरलीय. घाबरलेलं माणूस असंच म्हणतं.” त्यांनी डोळे मिटले. “एखादं वर्ष परवाना जाईल. वय लहान आहे तिचं, सावरेल. कार्यालय बुडालं तर मात्र सत्तावीस जणांनी कुठं जायचं?” मग मनगटाकडे पाहून ते ताठ बसले. “सव्वा अकरा वाजले. समितीसाठी प्रत्येकाने आपलं निवेदन लिहून बाराच्या आत सर्व्हरवर ठेवायचंय. मीही लिहितो.”

बाहेर येताना स्वल्पविराम दाराशीच उभा होता. त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे मान उडवली. तिथे अकरा वाजून तीन मिनिटे झाली होती. “साहेबांच्या घड्याळात सव्वा, म्हणजे आपल्याला, अजून बारा मिनिटं, सवलत,” तो ओशाळून हसला. साहेब घड्याळ मुद्दाम बारा मिनिटे पुढे ठेवीत, कोठेही उशीर होऊ नये म्हणून. उभ्या आयुष्यात त्यांना कधी झालाही नव्हता.

घंटी वाजत गेली. अक्का वही भरीत गेल्या. जावईबापूंचे निवेदन, ११:१६. स्वल्पविरामाचे, ११:२४. साहेबांचे, ११:३१. भाचीचे, ११:४०.

तेवढ्यात जावईबापू पुन्हा दारात आले. “समितीचा फोन होता. सर्व्हर ते जप्त करणार आहेत. आणि अक्का, तारखा बदलल्याचं मला सांगावं लागलं; त्यांनी विचारलंय, बदलणारी व्यक्ती कोण.”

४

दोन वाजले. जेवणाचे डबे कोणी उघडले नव्हते.

“अक्का, तुम्ही सांगून टाका, की तारखा मी सांगितल्या म्हणून बदलल्या,” भाची म्हणाली. “माझं जे व्हायचं ते होऊ दे. तुम्ही कशाला यात?”

“शहाणी आहेस. गप्प बस आणि मी सांगते ते कर. त्या बासष्ट फायली एकेक उघड. आतली नाही, फाईलची माहिती. तारीख मोठ्याने वाच. सगळी.”

“पण तारखा तर जुळतायत ना वहीशी!”

“वाच.”

भाचीने वाचायला आरंभ केला. यादीत तारीख मिनिटापर्यंतच दिसे. माहितीच्या चौकटीत सेकंदही दिसत. “चार तारीख, दहा वाजून बारा मिनिटं, शून्य सेकंद. चार तारीख, दहा वाजून तेरा, शून्य सेकंद. चार तारीख, दहा सतरा, शून्य.” खोलीत पंख्याची घरघर आणि तिचा कोरडा पडत चाललेला स्वर, एवढेच काय ते उरले. विसावी फाईल. तिसावी. अक्कांची बोटे वहीच्या कडेवर स्थिर होती.

“चौदा तारीख, सहा पंचवीस,” भाची म्हणाली आणि अडखळली. “सदतीस सेकंद.”

“पुढे वाच.”

“पंधरा तारीख, नऊ चाळीस, शून्य. नऊ बेचाळीस, शून्य...” शेवटपर्यंत शून्य. एकसष्ट शून्ये, आणि मध्ये एकच सदतीस.

अक्कांनी दीर्घ श्वास सोडला.

“माझ्या वहीत सेकंद नसतात, बाळ. सोमवारी मी तास आणि मिनिटं घातली; सेकंदाच्या जागी यंत्राने आपलं शून्य ठेवलं. बासष्टच्या बासष्ट फायलींवर. ही फाईल जर सोमवारी इथे असती, तर हिच्यावरही शून्यच असतं.”

“म्हणजे?”

“म्हणजे ही सोमवारी इथे नव्हती. तुझी होती ती कुणीतरी काढली आणि त्याच नावाने ही ठेवली, सोमवारनंतर. नाव जुनंच, म्हणून घंटीही वाजली नाही. आणि मजकूर बदलायचं कारण काल सकाळपर्यंत कुणालाच नव्हतं.”

भाचीच्या डोळ्यांत पाणी तरारले. ती अक्कांच्या खांद्यावर कोसळणार, तोच त्यांनी तिला हाताने थोपवले. “थांब. समिती म्हणेल, हे सदतीस सेकंद अक्कांनीच घातले. ‘कुणीतरी’ म्हणून चालणार नाही. कुणी, ते पाहिजे.”

५

अक्कांनी कोरा कागद ओढला. विचार करताना त्यांना कागद लागे.

लबाडी करणारा तारीख टंकून घालता, तर त्याने शून्य ठेवले असते, नाहीतर तीस. सदतीस हा आकडा माणूस ठरवून लिहीत नाही. तो चालत्या घड्याळातून गळून पडतो. म्हणजे तारीख टंकलेली नव्हती. कोणीतरी आपल्या संगणकाचे घड्याळच मागे फिरवले होते. यादीत पाहिले: चौदा तारीख, सहा पंचवीस. संगणकाला तोच दिवस, तीच वेळ दाखवली, अहवालाचा शेवटचा शेरा पालटला आणि फाईल जतन केली. तेवढ्यात सदतीस सेकंद चालून गेले. मग घड्याळ पूर्ववत केले आणि फाईल सर्व्हरवर चढवली. संगणक सांगेल ती तारीख सर्व्हर निमूटपणे मानतो.

पूर्ववत केले. पण कसे?

“कार्यालयातले संगणक वेळ कुठून घेतात?” त्यांनी विचारले.

“सर्व्हरकडून. आपोआप.”

“आणि एकदा हाताने बदलली, की?”

“मग आपोआप बंद होतं. पुन्हा चालू करावं लागतं, नाहीतर...” भाचीचे डोळे विस्फारले. “नाहीतर हाताने जी लावू तीच चालत राहते.”

“सकाळची चार निवेदनं काढ. यादीतली वेळ वाच. मी वहीतली वाचते.”

“भाऊजी, अकरा पंधरा.”

“पोचलं, अकरा सोळा.”

“स्वल्पविराम, अकरा तेवीस.”

“पोचलं, अकरा चोवीस.”

“माझं, अकरा एकोणचाळीस.”

“अकरा चाळीस.”

प्रत्येकाने लिहून जतन केले आणि मिनिटाभरात ते पोचले. यात विस्मय कसला? उरले होते एक. भाचीने ते वाचले, आणि मग न वाचल्यासारखे पुन्हा पाहिले.

“अकरा बेचाळीस.”

अक्कांचे बोट वहीत ज्या ओळीवर होते, तिथे त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिले होते: ११:३१.

लिहून होण्याच्या अकरा मिनिटे आधीच जे पोचले होते, असे ते निवेदन. पाठवायचे एक मिनिट धरले तर बारा.

“घड्याळ हाताने लावलं,” भाची अगदी हळू म्हणाली, “आणि लावताना मनगटावर पाहिलं.” मग तिने तोंडावर हात घेतला. साहेबांच्या खोलीतल्या संगणकाला दुसऱ्या कोणाचा हात लागत नसे. “अक्का, नाही. मामा नाही. मला त्यांनी शिडीवर उभं राहायला शिकवलंय. मामा नाही.”

भिंतीवर तीन वाजून पस्तीस मिनिटे झाली होती.

६

“साहेब,” दार लोटून घेत अक्का म्हणाल्या, “मूळ अहवाल द्या.”

साहेबांनी मान वर केली नाही. “कुठला मूळ?”

“सर्व्हरवरून काढण्यापूर्वी तुम्ही जो छापून घेतलात.”

“तुम्हाला कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. एकतीस वर्षांपूर्वी मी कामावर आले, त्या दिवशी तुम्ही मला सांगितलं होतं, हातातला कागद खोटा असो की खरा, फाडायचा नाही. तुम्ही दुसरं सगळं कराल, साहेब. ते करणार नाही.”

त्यांनी वही उघडून मेजावर ठेवली. काही सांगावे लागले नाही. साहेबांची दृष्टी एका ओळीवरून दुसऱ्या ओळीवर गेली; आपल्या संगणकाच्या कोपऱ्यातल्या वेळेवर गेली; आणि शेवटी मनगटावर येऊन थांबली. त्यांनी घड्याळाचा पट्टा सैल केला, जणू तो एकाएकी आवळू लागला होता.

“काल अकरा वाजता बातमी आली,” ते म्हणाले. “मी अहवाल उघडला. तिने लिहिलं होतं, बंद करा. पंधरा दिवस आपल्या घरात पडून होतं ते, अक्का, आणि आपण पाठवलं नव्हतं. समितीला हे दिसलं असतं तर कार्यालयाला कुलूप. सत्तावीस घरं. एकीकडे सत्तावीस, एकीकडे एक...”

“ती एक कोण?”

साहेबांची नजर खणाच्या कुलपाकडे गेली.

“तुम्हाला वाटलं, ती तुमचं ऐकेल. सोसेल. तुमच्याच घरात वाढली ना.” अक्कांचा आवाज चढला नव्हता, तो एकतीस वर्षांत कधी चढला नव्हता. “आज दुपारी ती मला काय म्हणाली, माहीत आहे? माझं जे व्हायचं ते होऊ दे, पण अक्का, तुम्ही यात पडू नका. तिला हे तुम्हीच शिकवलंत.”

साहेबांनी खणाला किल्ली लावली. आत, सगळ्या कागदांच्या वर, घडी न घातलेला एकच कागद होता. ‘लिफ्ट वापरास अयोग्य. दोराच्या अकरा तारा तुटलेल्या. आजच बंद करा.’ खाली भाचीचे नाव.

“जाळायला काडी दोनदा पेटवली,” ते म्हणाले. “हात पुढे झाला नाही.”

अक्कांनी कागद घेतला. आवक वहीत नवी ओळ लिहिली: ‘मूळ अहवाल, कागदी. साहेबांच्या हस्ते. दुपारी ३:४६.’ साहेब उलट्या बाजूने ते वाचीत होते.

“अहवाल का राहिला पाठवायचा?” त्यांनी विचारले. “स्वल्पविराम झोपला होता?”

“नाही. चुकीच्या तारखेमुळे तो यादीच्या तळाशी गेला. त्याला दिसलाच नाही. आणि सोमवारी तो माझ्या हाताखालून गेला.” लेखणी अजून कागदावर टेकलेली होती. “लिफ्ट पडायला तेव्हा दोन दिवस होते, साहेब. मी तारीख दुरुस्त केली, मजकूर वाचला नाही. तेही मी समितीपुढे सांगणार आहे. तुमचं तुम्ही सांगा.”

साहेबांनी मनगटाकडे पाहिले आणि सवयीने उठू लागले. “चार वाजले. ते येऊन बसले असतील.”

“तुमच्या घड्याळात,” अक्का म्हणाल्या. “समितीच्या घड्याळात अजून बारा मिनिटं आहेत. जन्मभर तुम्ही ती राखून ठेवलीत. आज कामाला येतील.”

त्यांनी दार उघडले. बाहेर भाची उभी होती, भिंतीला पाठ लावून, हातांच्या मुठी वळून. अक्कांनी तिला आत जाऊ दिले आणि दार आपल्यामागे ओढून घेतले.

आत काय बोलणे झाले, ते त्यांनी ऐकले नाही. त्या बाकावर बसल्या, वही मांडीवर घेतली आणि चौदा तारखेच्या पानावर, ६:२५ च्या ओळीपुढच्या शेऱ्याच्या रकान्यात, एकतीस वर्षांत प्रथमच स्वतःविषयी दोन ओळी लिहिल्या. शाई वाळेपर्यंत पान उघडे धरून त्या तशाच बसून राहिल्या.

जिन्यावर समितीची पावले वाजली तेव्हा आतून दार उघडले. पुढे भाची होती. डोळे लाल, मान ताठ. मागे साहेब. त्यांचे मनगट मोकळे होते. त्यांनी अक्कांच्या हातातली वही आणि तो कागद मागून घेतला, आणि सभागृहाकडे सर्वांच्या आधी तेच चालू लागले.